रिकाम्या खुर्चीचे चारशे किलोमीटर

६ एप्रिल, सोमवार

प्रिय आर्गिरो,

फोनवर मी नेहमी हवामान सांगते आणि तू मुलाच्या शाळेचं सांगतेस, मग दोघी फोन ठेवून देतो. आज मला जे सांगायचं आहे ते फोनवर मावणार नाही. कागदावर मी जास्त सरळ बोलते हे तुला माहीत आहे. माझी शाळा सहावीत सुटली, पण तुझ्या बाबांनी प्रवाशांची विमानात विसरलेली पुस्तकं घरी आणायला सुरुवात केली तेव्हापासून वाचत आले. वर्षभर कोणी मागायला आलं नाही तरच आणायचे, त्याआधी नाही. शब्दकोश उघडा ठेवून वाचायची मी. अजून तशीच वाचते, फक्त आता अडलेला शब्द मोठ्यानं विचारला तर समोरून कोणी उत्तर देत नाही.

इकडच्या, बेटावरच्या गोष्टी तिकडे अथेन्समध्ये तुझ्या कानावर थोड्या आल्या असतील. जानेवारीत नगरपालिकेच्या दारावर मंत्रालयाचं पत्र लागलं. आपलं अथेन्सचं विमान सरकारी मदतीवर चालतं, आणि पत्रात होतं की जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मिळून विमान निम्मंही भरलं नाही तर मेपासून ते बंद. पन्नास टक्के, एवढाच आकडा. म्हणजे मग आठवड्यातून दोनदा येणारी बोट, आणि दक्षिणेचा वारा सुटला की तीही नाही. शेजारच्या अर्खोंदुलाचा नवरा दर पंधरा दिवसांनी उपचाराला अथेन्सला जातो. पत्र वाचून ती घरी गेली आणि भांडी घासत बसली, घासलेलीच परत घासत होती.

मला तुझ्या बाबांची फार आठवण आली. लोकांना वाटायचं विमानतळावरचा स्तामातिस म्हणजे सामानाला चिठ्ठ्या लावणारा माणूस. पण त्यांचं खरं काम कोणाला दिसत नव्हतं. दार बंद व्हायच्या आधी ते शिडी चढून आत जायचे, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत पुढून मागे डोकी मोजायचे, मग मागून पुढे येताना रिकाम्या खुर्च्या मोजायचे. दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस भरले तरच खाली उतरायचे. काउंटरच्या यादीवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण यादी लिहिणाराही तेच होते आणि स्वतःवर त्यांचा विश्वास कमी होता. मांडीवरची बाळं वेगळी लिहायची, कारण त्यांना खुर्ची लागत नाही. अथेन्सहून निघून पलीकडच्या बेटावर जाणारी माणसं आपल्याकडे विमानातच बसून राहायची, तीही पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा मोजायची. मी एकदा म्हटलं, ही तर एकदा मोजलीत, आता पुन्हा कशाला? तर म्हणाले, ‘टप्पा बदलला. खुर्ची पुन्हा उडाली, तिच्यात माणूस होता की नव्हता हे पुन्हा सांगायला नको?’

महिन्याच्या पाच तारखेच्या आत तक्ता अथेन्सला जायचा. आधी फोनवरून एकेक आकडा वाचून दाखवायचे, पलीकडची बाई तो परत म्हणायची. पुढे यंत्रं आली तरी त्यांची मोजायची पद्धत तीच राहिली. अंतर कुठलं धरायचं तर वैमानिकानं प्रत्यक्ष कापलेलं नाही. वादळामुळे विमान तासभर समुद्रावर घिरट्या घालत राहिलं तरी तक्त्यात सरळ रेषेतलंच अंतर. विमान उडालंच नाही तर त्या दिवशीच्या माणसांसकट खुर्च्याही वगळायच्या. अथेन्सच्या त्या कार्यालयात सगळ्या बेटांचे तक्ते जमा होतात, तिथली माणसं ते ताडून बघतात, शंका आली तर उलट विचारतात, आणि मग पत्रक छापतात. त्यात आपली एक ओळ असते. बाबा ती ओळ बघायचे, मान हलवायचे आणि पत्रक घडी घालून ठेवायचे. मी अशी कामं करणाऱ्या माणसांना मानते, आर्गिरो. त्यांना कोणी बघत नसतं, तरी ती दुसऱ्यांदा मोजतात.

तर पत्र लागल्यावर नोमिकोसच्या कॉफीघरात सगळे जमले. मीही गेले, विधवेनं तिथं बसावं की नाही हे आता कोण विचारतं. नोमिकोस म्हणाला, ‘यात अवघड काय आहे? तिकिटं काढू या. जायची गरज नाही, घरी बसू.’ थेमेलिना कोपऱ्यात होती. बाबांनी शिकवलेली मुलगी, आता त्यांच्या जागी तीच मोजते. ती म्हणाली, ‘काका, काही ठिकाणी विकलेल्या खुर्च्या धरतात. आपल्याकडे बसलेली माणसं धरतात.’ नोमिकोस म्हणाला, ‘मग तू जरा डोळे मिटून मोज की.’ ती म्हणाली, ‘स्तामातिसकाकांनी मला डोळे मिटायचं सोडून सगळं शिकवलंय.’ लोक हसले, पण तिच्याशी त्या दिवसापासून जरा तुटकच वागायला लागले.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की खरंच बसू, पण पलीकडच्या बेटावर जाऊ. आपलं विमान अथेन्सहून येतं, पलीकडे जातं, परत येतं आणि पुन्हा अथेन्स. मधल्या टप्प्याला दहा मिनिटं लागतात आणि तिकीट स्वस्त. फेब्रुवारीत दहा दिवस रोज चोवीस माणसं निघाली. मी हसून बेजार झाले. म्हाताऱ्या काळे कपडे घालून, पर्स छातीशी धरून निघायच्या, तिथल्या विमानतळावर उतरायच्या, यंत्राची कॉफी घ्यायच्या, तिला नावं ठेवायच्या आणि त्याच विमानानं परत. पाद्री मिनासबाबा तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा हवाईसुंदरीनं विचारलं, ‘बाबा, तिकडे काही विसरता का?’ तर म्हणाले, ‘मुली, आम्ही रिकाम्या जागा भरतोय, माझ्या धंद्यात हे नवीन नाही.’

नोमिकोस ज्या फळ्यावर दिवसाचं जेवण लिहितो त्यावर त्यानं आकडे मांडले. अथेन्सचा टप्पा येताना अठ्ठेचाळीस टक्के, जाताना अठ्ठेचाळीस. पलीकडचा आधी वीस होता तो त्या दहा दिवसांत सत्तर आणि सत्तर. चारांची बेरीज, भागिले चार, एकोणसाठ. त्यानं सगळ्यांना द्राक्षाची त्सिपुरो दारू पाजली. मीसुद्धा घेतली. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात थेमेलिनानं फेब्रुवारीचा आकडा सांगितला: सत्तेचाळीस. जानेवारीत सेहेचाळीस होता, म्हणजे एवढा उपद्व्याप करून जेमतेम एक टक्का. कॉफीघरात जे झालं ते लिहीत नाही. ‘त्या पोरीला अथेन्सवाल्यांनी फितवलंय,’ असं बोलण्यापर्यंत मजल गेली. अर्खोंदुलानं तिच्याकडे बघून पाठ फिरवली.

मी घरी आले आणि तुझं शाळेतलं गणिताचं पुस्तक काढलं. ते मी टाकलं नाही. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात उभी असताना बाबांचं एक बोलणं आठवलं. लग्नाला वर्ष झालं असेल. मी विचारलं होतं की माणसं मोजता ते ठीक, पण ज्यात कोणी नाही ती खुर्ची कशाला मोजता? ते म्हणाले, ‘एव्हान्थिया, रिकामी खुर्चीसुद्धा चारशे किलोमीटर जाते.’ तेव्हा मला ते कवितेसारखं वाटलं होतं. आता कळलं की ते निव्वळ गणित होतं. माणसं नुसती मोजत नाहीत, प्रत्येक माणूस किती लांब गेला ते मोजतात. खुर्च्याही तशाच. अथेन्स चारशे किलोमीटर आणि पलीकडचं बेट पंचवीस. अथेन्सला गेलेला एक माणूस म्हणजे पलीकडे गेलेली सोळा माणसं. आमच्या म्हाताऱ्या दहा दिवस उडत होत्या आणि तक्त्याला त्यांचा जेमतेम वारा लागला होता. नोमिकोसनं दहा दिवसांचा आकडा महिनाभराचा धरला ते वेगळंच, पण लांबचा टप्पा आणि जवळचा टप्पा एकाच मापानं धरला, तिथे सगळं चुकलं. बेटावर राहणारा माणूसच ही चूक करणार. आम्हाला विमानात बसणं हेच केवढं वाटतं, किती लांब गेलो ते नंतर.

मी कागद लपवत गेले नाही, सरळ कॉफीघरातला फळा पुसला आणि मांडलं. नोमिकोस ओरडला, ‘अगं, आजची मसूर पुसलीस!’ मी म्हटलं, ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस आहेत, मसूरच आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तीन महिने मिळून पन्नास गाठायला मार्चमध्ये छपन्नच्या वर टक्के हवे होते. म्हणजे नेहमीच्या माणसांवर आणखी एकशेसाठ माणसं अथेन्सला जाऊन परत आली पाहिजेत. अथेन्स म्हणजे काही यंत्राची कॉफी नव्हे. तिथं जायचं तर कारण लागतं, राहायला जागा लागते. कोणीतरी म्हणालं, ‘कशाला जाणार एवढी माणसं?’ मी म्हटलं, तुम्ही प्रत्येकानं अथेन्सचं काहीतरी पुढे ढकललेलं आहे. ते काय आहे ते सांगा.

हा प्रश्न मी का विचारला ते मला तेव्हा कळलं नव्हतं. पण आर्गिरो, एकेक काय काय निघालं. अर्खोंदुलाचे दात, दोन वर्षं ती एकाच बाजूनं चावत होती. बेकरीवाल्याचा भाऊ, सहा वर्षं बोलणं नाही, आणि भांडण कशावरून हे दोघंही विसरलेले. शिंपिणीची विद्यापीठातली मुलगी, जिची खोली तिनं कधी पाहिलीच नव्हती. मिनासबाबांनी वाकून माझ्या कानात सांगितलं की त्यांना एक गाठ दाखवायची आहे आणि धीर होत नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही म्हणजे सोळा माणसं, उद्याच निघा. गाठ साधी निघाली. नोमिकोसला मोतीबिंदू काढायचा होता. त्यानं तिकीट काढलं आणि त्या सकाळी घरी दडून बसला. संध्याकाळी थेमेलिनाला म्हणतो, ‘माझं तिकीट तर तुझ्याकडे आहे ना, मग लिही मला.’ ती म्हणाली, ‘खुर्ची तुमच्याशिवाय गेली, काका. मी तिला विचारलं, ती म्हणाली आज कोणी नव्हतं.’ दोन दिवसांनी तो गेला. आता एक डोळा स्वच्छ आहे आणि त्याला स्वतःचं कॉफीघर किती मळलेलं आहे ते दिसतंय.

सत्तावीस तारखेला वाऱ्यामुळे विमान उडालंच नाही, तिकिटं काढलेली पस्तीस माणसं परत फिरली. लोक थेमेलिनाच्या मागे लागले की पस्तीस धर, आम्ही तर निघालो होतो. तिनं ना माणसं धरली ना खुर्च्या. रडत होती ती, मी कॉफीघराच्या मागच्या खोलीत पाहिलं. म्हणाली, ‘मावशी, काका असते तर त्यांनी काय केलं असतं?’ त्या पोरीला उत्तर माहीत होतं, तिला फक्त कोणी शेजारी बसायला हवं होतं. मी बसले. काल तिनं तीन महिन्यांचा तक्ता पाठवला. पन्नास पूर्णांक चार दशांश. पाठवण्याआधी तिनं तो तीनदा पडताळला आणि मग अर्खोंदुलाला स्वतः जाऊन सांगितलं. अर्खोंदुलानं तिला दारातच मिठी मारली आणि मग आत नेऊन दोघींनी कॉफी करून घेतली. विमान राहणार.

आता जे राहिलंय ते. त्या संपूर्ण मार्चमध्ये लोक मला विचारत होते, ‘एव्हान्थिया, आम्हाला सगळ्यांना पाठवतेस, तुझं काय ढकललेलं आहे?’ मी म्हणायचे, माझं काही नाही. शिंपीण तोंडावर म्हणाली, ‘खोटं बोलतेस, नातू आहे तुझा तिथं.’ मी विषय बदलला.

तुझ्या बाळंतपणाच्या वेळी मी आले नाही. मी तुला सांगितलं होतं की ताप आला होता. तू समजलीस की तू माझ्या मनाविरुद्ध केलेल्या लग्नाचा राग मी तेव्हाही धरून होते, आणि मी तुला तसं समजू दिलं. खरं असं आहे की मी विमानात बसले होते. बाराव्या ओळीत, खिडकीशी. मांडीवर पिशवी, पिशवीत तुझ्यासाठी कोंबडीचं सूप बरणीत भरून. कर्मचाऱ्यांच्या बायकांना फुकट पास असायचा, पण जागा उरली तरच. तशी माणसं त्यांच्या तक्त्यात धरतही नाहीत. त्या दिवशी एक प्रवासी आला नव्हता म्हणून बाबांनी मला बसवलं. मग ते मोजायला आत आले. अठ्ठेचाळीस डोकी, मी धरून. तेवढ्यात खालून हाक आली, एक माणूस धावत आला होता. अनोळखी, जमिनी मोजणारा कोणी, हातात नळकांडीत गुंडाळलेले नकाशे. दार अजून उघडं होतं. बाबा दार बंद करू शकले असते. कोणालाही कळलं नसतं, त्या माणसालाही नाही. तो म्हणाला असता मला उशीर झाला. बाबा माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘उतर, एव्हान्थिया. तिकीट त्याचं आहे.’ सगळे बघत होते. मी उतरले. विमान गेल्यावर ते धावपट्टीवर उभेच राहिले, आणि मी पिशवी घेऊन चालत घरी आले. पुढचे तीन दिवस वारा, विमान नाही, बोट नाही. चौथ्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, ‘आता नको येऊस, आता झालं सगळं.’

मला राग आला होता. थोडा अजून आहे, आणि मी तो लपवणार नाही. पण त्या रागाच्या खाली दुसरं काहीतरी आहे ते सांगायला मला अकरा वर्षं लागली. जो माणूस स्वतःच्या बायकोला उतरवतो त्याच्या आकड्यावर मंत्रालयानं विश्वास ठेवला, अर्खोंदुलानं ठेवला, आणि आज त्याच पद्धतीनं मोजलेल्या आकड्यामुळे तिचा नवरा उपचाराला जातोय. मी त्यांना मानत होते, आर्गिरो. ज्या दिवशी सर्वांत जास्त राग आला त्या दिवशीसुद्धा. त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांनी ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, पण त्यानंतर मला फुकट पासावर कधी बसवलं नाही, आणि मीही विमानतळावर गेले नाही. तुला का सांगितलं नाही? तू बाळाचं नाव स्तामातिस ठेवलंस. बाबा ते ऐकून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. त्यानंतर मी तुला काय सांगणार होते? तुझा राग एका जागी होता, माझ्यावर. तो मी तिथेच राहू दिला, मला वाटलं आई म्हणून तेवढं जमेल. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तू दोन रात्री राहून गेलीस आणि आपण त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत बसलो, तेव्हाही मी गप्प होते. आता मला वाटतं ते चूक होतं. तुझी चुकीची समजूत मी अकरा वर्षं दुरुस्त केली नाही, आणि बाबांनी तर एक माणूस जास्त धरला गेला तरी तक्ता फाडून नवा केला असता.

म्हणून हे पत्र. मी तिकीट काढलं आहे, माझ्या नावाचं, माझ्या पैशांनी, चौदा एप्रिलचं. थेमेलिनानं विचारलं, ‘मावशी, मार्चमध्ये का नाही गेलात? आपल्याला एकेक माणूस हवं होतं.’ मी तिला म्हटलं, तीन महिने संपून तक्ता जाईपर्यंत मला थांबायचं होतं. मी मार्चमध्ये आले असते तर तू म्हणाली असतीस की आई विमान भरायला आली, आणि ते पूर्ण खोटंही नसतं. आता बेटाला माझी गरज नाही. मी येते आहे ती फक्त तुझ्याकडे. विमान साडेबाराला पोहोचतं. न्यायला येऊ नकोस, मी पत्ता विचारत येईन, मला वाचता येतं. तुला नको असेल तर मी समजून घेईन, पण नको म्हणायचं असेल तर लिहू नकोस, फोन कर, आणि हवामानाचं न विचारता सरळ म्हण. मी ऐकून घेईन. आणि फोन आला नाही तर मी निघाले असं समज.

अकरा वर्षं उशिरा, पण तुझीच,
आई